मुकी खंजिरी

आमच्या महिला भजन मंडळात चार खंजिऱ्या आहेत. त्यातल्या तीन चारचौघींसारख्या वाजतात, म्हणजे कातड्यावर थाप आणि कडेला पितळी चकत्यांची छनछन. चौथी यंदापर्यंत नुसती थाप द्यायची, कारण तिच्या चकत्या मी तेरा वर्षांपूर्वी पांढऱ्या सुती दोऱ्याने आवळून बांधल्या होत्या. ती खंजिरी सुचिताची. सुचिता माझ्या धाकट्या दिराची, गजेंद्रची मुलगी. मला मोठी आई म्हणते. तो दोरा खरं म्हणजे कशासाठी बांधला हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सुचिताला ते कळू नये म्हणून यंदा मी मारुतीला नारळावर नारळ बोलले. मारुतीने नारळ घेतले आणि व्हायचं ते होऊ दिलं.

मी विजयमाला. सौंसर आणि लोधीखेड्याच्या मधल्या आमच्या गावात सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली, मागच्या वर्षी घरी बसले. मधल्या काळात आमचा जिल्हा छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला, पण नळाला पाणी जुन्याच वेळेला येतं. माझा स्वभाव तिखट आणि आवाज भसाडा. सासूबाई म्हणायच्या, "हिनं अंगनातून हाक देल्ली का सडकेवरची बस थांबते." आम्हाला मूल नाही. आमचे हे, नत्थूजी, दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले चार गाईशी. अंगण एक आणि घरं दोन, एक आमचं आणि समोर गजेंद्रचं. माझ्या उंबऱ्यात बसलं की जावेच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसतं.

सुचिता तीन वर्षांची असताना तिच्या पोटात गाठ लागली. नागपूरला नेलं, तिथे यकृताचा कॅन्सर निघाला. आठ महिने माझी जाऊ तिच्याबरोबर दवाखान्यात राहिली, पोरीच्या पलंगाखाली चटई टाकून झोपली. सलाईनमधून औषध चढायचं, पोर ओकायची, केस गेले, भुवया गेल्या. मग ऑपरेशन, मग पुन्हा औषध. आणि पोर वाचली. तुळतुळीत डोक्याची, काडीसारखी, पण स्वतःच्या पायांनी बसमधून उतरली, तेव्हा गजेंद्र सडकेच्या कडेला बसून रडला. सुट्टी देताना डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं की यातलं एक औषध कानांना जड जातं, कान तपासून घेत जा. तो "हो साहेब, हो साहेब" म्हणाला. पोरगी बरी झाली याच्यापुढे त्या दिवशी त्याच्या डोक्यात काही शिरलंच नाही. नत्थूजींनीही आपल्या दहातले शब्द खर्चून सांगितलं, शिर सलामत तर पगडी पचास. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी गेली. घरात त्या आजाराचं नाव काढायचं नाही असंही ठरलं, कारण पोरीचं पुढे लग्न व्हायचं होतं.

सुचिता मोठी झाली ती स्वतःच्याच तंद्रीत. आता आम्हाला माहीत आहे की तिला जाड आवाज चांगले ऐकू यायचे आणि बारीक आवाज येतच नसत. ट्रॅक्टर, ढगांचा गडगडाट, म्हशीचं हंबरणं, लोधीखेड्याकडून येणारी रेल्वे, माझा घसा, एवढं तिच्या जगात होतं. पाखरं, बांगड्या, कुकरची शिट्टी, रातकिडे, पाचोळ्यावरची पावलं नव्हती. मधमाश्या मात्र होत्या. माघात संत्र्याला आंबिया बहार आला की ती बागेत झाडाखाली उताणी पडून राहायची. वर पांढरी फुलं दाटलेली, वासाने माणसाला गुंगी यावी असा गोडवा, आणि झाडभर गुणगुण. पाकळ्या तिच्या तोंडावर पडायच्या आणि ती त्या झटकायचीसुद्धा नाही. एकदा मी शोधत गेले तर म्हणाली, "मोठी आई, झाड गाऊन राहिलं."

फांदीवर दोन बुलबुल घसा फोडून भांडत होते. मी विचारलं, "आनि हे पाखरं?"

"ते मनातल्या मनात बोलतात ना," ती म्हणाली. "चोच हालते त्यांची, पर आवाज करत नाईत. शाने हायत ते."

मी हसले आणि तिच्या केसांतल्या पाकळ्या वेचल्या. किती गोड बोलते पोर, एवढंच मला वाटलं. पुढे कित्येक दिवस मी स्वतःच पाखरांकडे तसं बघत होते.

शाळा हिंदी, घर मराठी. श्रुतलेखनात तिची अर्धी अक्षरं गाळलेली असत. गुरुजी म्हणायचे, "घर में मराठी बोलते हैं न, इसलिए." आम्ही घरी म्हणायचो, हिंदी शाळेनं पोरीचा गोंधळ केला. दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या माणसाला ही एक सोय असते, दोष नेहमी दुसरीच्या माथी मारता येतो. गावाने तर निकालच देऊन टाकला होता. ट्रॅक्टर वळणावर असतानाच ही बाजूला व्हायची, आणि झाडू मार म्हटलं तर ढिम्म. "हिले आपल्या मतलबाचं बरोबर आयकू येते," बाया म्हणायच्या.

आता माझ्या जावेबद्दल सांगते, कारण खरं दुखणं तिचं आहे. तिचा आवाज बारीक, सुतासारखा. ती चुलीपासून हाक मारायची, "सुचे, ओ सुचे." अंगणात मातीत खेळणारी पोर वळायचीच नाही. पुन्हा हाक, पुन्हा हाक. मग मी उंबऱ्यातून एकदाच म्हणायची, "सुचिता!" आणि पोर धावत यायची. जावेकडे नव्हे, माझ्याकडे. मांडीवर बसायची, माझ्या गळ्याला हात लावून बघायची, आवाज निघतो कुठून म्हणून. जाऊ दारात पदराला हात पुसत उभी. जिने आठ महिने फरशीवर झोपून ते लेकरू परत आणलं, तिच्या हाकेला ते लेकरू वळत नव्हतं. एकदा ती मला म्हणाली, "बाई, माह्यावर राग हाय का वं तिचा? सुया टोचतानी मीच तर धरून ठेवत होती तिले." आणि मी काय बोलले? "लेकराले जीव लावा लागते, तवा ते येते." माझ्या तोंडाला तेव्हाच लकवा झाला असता तर बरं झालं असतं. पण खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. दुसऱ्याचं लेकरू आपल्या एका हाकेत धावत येतं हे मला फार आवडायचं.

सहाव्या वर्षी ती माझ्या मागे मागे भजनाला यायला लागली. दर गुरुवारी दिवेलागणीला मारुतीच्या पारावर आम्ही बसतो. तिने एक खंजिरी उचलली. थाप अशी नेमकी की बायका माना डोलावू लागल्या, पण धरलेला हात कसाही हलायचा आणि चकत्या भलत्याच जागी वाजायच्या. आमच्या मंडळातली सगळ्यात मोठी देवकाबाई, तिने कानावर हात ठेवले. "काढून घे वं तिच्या हातातली, डोकं उठवलं पोट्टीनं." मी सुचिताकडे पाहिलं. ती डोळे मिटून वाजवत होती, चेहऱ्यावर पूर्ण सुख. आपण काही बिघडवतोय याचा तिला पत्ताच नव्हता.

भजन संपल्यावर बायका चपला शोधत होत्या, तेव्हा मी खंजिरी घेऊन तिच्या पाठीमागे गेले आणि तिच्या डोक्याजवळ नुसत्या चकत्या वाजवल्या. ती वळली नाही. कातड्यावर हलकीच टिचकी मारली, तर ताबडतोब वळली. मी तीनदा केलं, तीनदा तसंच झालं. अंगणवाडीची बाई होते मी, लहान लेकरांचं काय दुखतं-खुपतं ते वरच्या मॅडमना कळवणं हेच माझं काम होतं. तरी मी घरी येऊन गोधडीचा दोरा घेतला आणि एकेक चकती घट्ट बांधून टाकली. लोकांना सांगितलं, पोरीच्या बोटांना टोचतात. अंगण ओलांडून जावेला सांगायला वीस पावलं लागली असती. पुन्हा नागपूर, पुन्हा सुया कशाला, असं मी मनाला समजावलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

बांधलेल्या खंजिरीवर सुचिता फुलली. चकत्या नसल्यामुळे तिचा हात थापेतच मुरला. थाप कधी दूरच्या ढगासारखी, कधी कोणी दार ठोठावल्यासारखी. पांढुर्ण्याच्या भजन स्पर्धेत परीक्षकांनी मुद्दाम विचारलं, ही नवी पद्धत कोणाची? मी छाती काढून म्हटलं, आमची. गावोगाव नाव झालं, मुक्या खंजिरीवाली पोर. जगात सगळीकडे ती बहिरट, घुमी, मतलबी होती, आणि पारावर तिच्यावाचून भजन सुरू होत नव्हतं. म्हणून माझा दोरा मला पुण्याचासुद्धा वाटू लागला होता.

मागच्या हिवाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, ती सडकेवरच्या संत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागली. तिथे फळं पट्ट्यावरून सरकतात, त्यांना धुतात, मेण लावतात, बाया आकाराप्रमाणे निवडतात. पट्टा सुरू व्हायच्या आधी मशीन बारीक टीं-टीं करते, तेव्हा सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. सुचिता इतके दिवस शेजारणीकडे बघून हात मागे घेत होती, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. एके दिवशी शेजारीण सुट्टीवर होती. टीं-टीं झाली, पट्टा फिरला आणि ओढणीचं टोक आत गेलं. पलीकडच्या पोरीने ओढणीच गळ्यातून काढून फेकली म्हणून वाचली. मुकादमाने तिला घरी पाठवलं. कान दाखवल्याशिवाय कामावर यायचं नाही, म्हणाला. इतक्या वर्षांत शहाणपणाचं बोलणारा तो पहिलाच माणूस.

नागपूरला आम्ही चौघं गेलो. माझा आवाज तिला कळतो म्हणून मलाही नेलं. ट्रंकेतली फाईल जावेने छातीशी धरली होती. कानाच्या मॅडम तरुण होत्या, नीट समजावणाऱ्या. त्यांनी सुचिताला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, मग कागदावरची रेघ दाखवली. जाड आवाजांपाशी रेघ सरळ, आणि बारीक आवाज सुरू झाले की घाटासारखी खाली. जुन्या फाईलच्या शेवटच्या पानावर लिहिलेलंच होतं, कान नियमित तपासावेत. गजेंद्र ते पान हातात घेऊन नुसता बघत राहिला.

"हे औषधामुळे झालंय आणि पोरीचा जीव त्याच औषधाने वाचलाय," मॅडम म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही, पण मशीनने बरंच ऐकू येईल. लहानपणीच लावली असती तर शाळा सोपी गेली असती. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का? आईच्यासुद्धा?"

सगळे जावेकडे बघायला लागले. ती मान खाली घालून म्हणाली, "मले वाटे पोरगी हट्टी हाय. मी लय मारलं तिले, मॅडम."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बस थांबवणारी मी, गजेंद्रच्या हातातलं पान घेऊन फाईलीत लावत बसले.

पुढच्या फेरीत मशिनी मिळाल्या, दोन्ही कानांमागे एकेक, चवळीच्या शेंगेच्या तुकड्याएवढ्या. मॅडमनी त्या चालू केल्या. सुचिताने दचकून इकडे-तिकडे पाहिलं. "हे काय वाजून राहिलं?" जाऊ मांडीवर फाईलची पिशवी चुरगाळत बसली होती, तिचे हात जागीच थांबले. "पिशवी वाजते, आई?" सुचिताने विचारलं. जावेने नुसती मान हलवली. बसमध्येही ती सौंसरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटतं ती घाबरली होती, आपण बोललो आणि पोर तरीही वळली नाही तर काय करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. सुचिता अंगणाच्या पार टोकाला, गाईपाशी, पाठमोरी. चुलीपासून अगदी हळू हाक आली, "सुचे." पोर वळली. तशीच शेणाच्या हातांनी गेली. "काय वं, आई?" जावेला सांगायला काही काम नव्हतं. ती म्हणाली, "काई नाई. असंच." मग अर्ध्या तासाने पुन्हा "सुचे", पुन्हा "काई नाई, असंच." महिनाभर हे चाललं. मी तांदळातले खडे ताटात टाकायची आणि तांदूळ बाहेर. माझा जळफळाट झाला, हे लपवून काय करू?

सुचिताचं सुख सरळ नव्हतं. दुपारी कान दुखायचे, डोकं भणभणायचं, ती मशिनी डबीत ठेवून बागेत जायची. एकदा मीही जाऊन शेजारी पडले. बहार होता, फुलं गळत होती. ती म्हणाली, "पाखरं शाने नाईत, मोठी आई. दिवसभर बोंबलतात." थोड्या वेळाने म्हणाली, "मशीन लावलं का झाडाचं गानं नीट आयकूच येत नाई, हे पाखरं मधात बोलतात." मग पुन्हा म्हणाली, "पर आईचा आवाज लय चांगला हाय. तुमी कोनी सांगतलंच नाई मले." मी डोळे मिटून घेतले. डोक्यावर मधमाश्या चालूच होत्या.

तीन गुरुवार ती भजनाला आली नाही. मला आत कुठेतरी बरंच वाटत होतं, दोरा तिच्या नजरेआड होता. चौथ्या गुरुवारी आली, मशिनी लावून, आणि बरोबर तिची आई. मंडळ माझं म्हणून जाऊ आजवर कधी पारावर चढली नव्हती. आताही खालच्या पायरीवर बसली. देवकाबाईने सवयीने खंजिरी उचलून छनकवली आणि सुचिताने एकदम मान फिरवली. तिने ती खंजिरी मागून घेतली, हलवली, कानाजवळ नेली. मग आपली हलवली. मग पुन्हा देवकाबाईची.

"माहीवाली काहून वाजत नाई?"

देवकाबाईच्या पोटात काही राहत नाही. "तुह्या मोठ्या आईनं दोरा बांधला ना वं. तू सहा वर्साची होती तवा. बोटाले टोचतात म्हने."

सुचिता माझ्याकडे बघत होती. तेच खोटं मी तेरा वर्षं सांगत आले होते, पुन्हा एकदा सांगायला काहीच पडलं नसतं. पण खालच्या पायरीवर ती बसली होती, पदराला हात पुसत.

"टोचत नवत्या," मी म्हटलं. "तुले त्या आयकू येत नवत्या. मी तुह्या मांगं उभी राहून तीनदा वाजवून पाहल्या. मले तवाच समजलं होतं."

जाऊ पायरीवरून उठली. "तेरा वर्स झाले, बाई."

"हाव."

"मी हाका मारत होती. तुमी समोरून पाहत होत्या."

"हाव."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"ती माह्याजवळ येत होती म्हनून," मी म्हटलं.

मला वाटलं आता ती मला चार बायांदेखत बोलेल, आणि बोलायला हवंच होतं. ती वर चढली, सुचिताच्या हातातून खंजिरी घेतली. तेरा वर्षांच्या घामाने दोरा कडक झाला होता, गाठ सुटेना. तिने दातांनी तोडला. एकेक चकती मोकळी करून खंजिरी पोरीच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी मांडी घातली.

सुचिताने थाप दिली. चकत्या किंचाळल्या तशी ती स्वतःच दचकली. पुन्हा वाजवली. सहाव्या वर्षी वाजत होतं अगदी तसंच, थाप नेमकी आणि छनछन भलत्या जागी. आता तिलाही ते कळत होतं. तिचा चेहरा उतरला. ज्या एका जागी तिला कोणी हसलं नव्हतं तिथे तिला सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं, आणि तेही माझ्यामुळे. तिने खंजिरी मांडीवर पालथी घातली. ती उठून जाणार असं मला वाटलं.

तेवढ्यात टाळी ऐकू आली. जाऊ एकटीच ताल धरत होती. मग तिने भजन धरलं, आमचं नेहमीचं सुरुवातीचं. एकही शब्द चुकला नाही. इतकी वर्षं समोरच्या घरात भाकरी थापता थापता तिने सगळी भजनं पाठ केली होती. तो सुतासारखा आवाज पारावर कसाबसा पोचत होता. सुचिताने खंजिरी उचलली, आईच्या हातांकडे बघत चकती आणि टाळी जुळवायला लागली. एकदा चुकली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा एक चकती जागेवर पडली. बायांनी मागून ओळ उचलली. मीही सवयीने उचलली, नेहमीसारखी, पूर्ण घसा सोडून.

सुचिताने एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मोठी आई, जराशी हळू," ती म्हणाली. "आईचं आयकू येऊ दे."

मी आवाज खाली घेतला.